उडी शिकवण्याआधी घोडा मोकळा सोडावा का?

पुण्यातल्या रायडिंग क्लबांत उडी शिकायला येणारे कितीतरी घोडे रेसकोर्सवरून उतरलेले असतात. चार-पाच वर्षांचा थरोब्रेड, अंगात पळणं मुरलेलं; पण पायापुढे आडवी काठी त्याने कधी पाहिलेली नसते. अशा घोड्याला स्वाराविना, बंदिस्त रिंगणात मोकळं सोडून शिकवणं उपयोगी पडतं. मात्र तबेल्यात त्यासाठी दिली जाणारी कारणं बहुधा भलतीच असतात.

‘आधी पळवून दमवा, मग गुमान वागतो’ हा सगळ्यांत हट्टी गैरसमज. चाबूक दाखवून धावडवलेला घोडा शांत होत नाही, चेकाळतो. शिवाय शर्यतीच्या घोड्याला दमवायला निघालेला माणूसच आधी दमतो, आणि रोज पळवलं की घोड्याचा दम आणखी वाढतो. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. भार पेलतात ते कंडरा आणि अस्थिबंध. अंग न तापवता गर्रकन वळायला लावलं तर दुखापत तिथेच होते. म्हणून आधी दहा मिनिटं साधी चाल.

‘पाठीवर ओझं नाही, मग धोका कसला?’ घोड्याचं स्वतःचं वजन साडेचारशे-पाचशे किलो असतं आणि उडीनंतर ते आधी पुढच्या पायांवर येतं. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढ साधारण दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते, मणक्यांची पाचच्याही पुढे. दोन वर्षांचा घोडा शर्यतीत धावतो म्हणून तो उड्यांनाही तयार, हा हिशेब त्यामुळे चुकतो. पण कोवळा म्हणून दिवसभर ठाणबंद ठेवणंही वाईटच. थोडा, बेताचा ताण मिळाला तरच हाड घट्ट होतं.

उंचीचं वेडही सोडावं. जर्मनीत पैदाशीसाठी निवडायच्या तरण्या घोड्यांची मोकळी उडी पाहतात, पण ती परीक्षा असते, रोजचा धडा नव्हे. आपल्याकडे सुरुवात जमिनीवरच्या काठ्यांनी करावी, मग दुडक्या चालीत गुडघ्याहून कमी उंचीच्या, फुलीच्या आकारात लावलेल्या काठ्या. लोंबणारा लगाम काढलेला, पायांना बूट, आणि हाताशी दोन जाणती माणसं. तीन-चार उड्या छान झाल्या की थांबावं. दोन अडथळ्यांमधलं अंतर मात्र अनुभवी माणसानेच ठरवावं; ते चुकलं की घोडा एकदाच धडपडतो आणि पुढे महिनाभर काठीला बिचकतो.

पावसाळ्यात विशेष जपावं. पुण्याच्या रेसकोर्सचा हंगाम पावसातच चालतो, पण ती हिरवळ आहे. क्लबच्या चिखलाळ रिंगणाला ती सवलत नाही.

‘मोकळा उडाला, आता बसा’ हेही खरं नाही. स्वार बसला की घोड्याचा तोल बदलतो. लगामाची आणि टाचेची भाषा त्याला वेगळी शिकावी लागते. उलट, शांत स्वभावाचा घोडा मोकळ्या उडीवाचूनही, हलक्या हाताच्या स्वाराखाली काठ्या ओलांडायला शिकतो. मोकळं काम पाहायचं ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी: शर्यती एकाच दिशेने पळालेला घोडा दुसऱ्या बाजूला वळताना किती ताठरतो, हे लगाम नसतानाच स्पष्ट दिसतं.