जुनाट कंबरदुखी : अंथरूण नव्हे, व्यायाम

कंबर दुखू लागली की पडून राहावे, वाकू नये, काही उचलू नये, असा सल्ला घरोघरी दिला जातो. त्यामागे काळजी असते. परंतु दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले असल्यास त्याचा अपायच होतो. पडून राहिल्याने पाठीचे व पोटाचे स्नायू क्षीण होतात, सांधे आखडतात आणि हालचालीची भीती मनात घर करते. मग थोड्या श्रमानेही कंबर दुखते आणि घरकाम, शेती, रोजगार सारेच अडते.

वेदना म्हणजे नेहमी इजा नव्हे

बहुतेक जुनाट कंबरदुखीमागे अस्थिभंग, जंतुसंसर्ग किंवा गाठ असे कारण नसते. वयानुसार होणारी मणक्यांची झीज कधीही कंबर न दुखलेल्या अनेकांच्या तपासणीतही दिसते. म्हणून अहवालात ‘झीज’ हा शब्द वाचून चालणे-फिरणे सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस आहे. कमरेचे पट्टे व वजन लावून ताण देण्याचे उपचार नेहमीच्या वापरासाठी सुचवलेले नाहीत.

कोणता व्यायाम करावा?

एकच व्यायाम सर्वांसाठी श्रेष्ठ नसतो. जो आपल्याला जमेल आणि नियमित करता येईल, तोच योग्य.

• चालणे : दररोज १० मिनिटांपासून आरंभ करावा. हळूहळू वाढवत आठवड्यातील पाच दिवस ३० मिनिटांपर्यंत जावे.
• कंबर टेकवणे : चटईवर उताणे झोपून गुडघे दुमडावेत. पोट हलके आवळून कंबर चटईला टेकवावी व पाच अंक मोजावेत.
• सेतू : त्याच स्थितीत नितंब सावकाश वर उचलून सावकाश खाली आणावेत.
• तोल : हात व गुडघे टेकून उजवा हात व डावा पाय सरळ करावा, नंतर बाजू बदलावी.

शेवटचे तीन व्यायाम प्रत्येकी ८ ते १० वेळा, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस करावेत. श्वास रोखू नये. गर्भवती स्त्रिया, हृदयरुग्ण व हाडे ठिसूळ असलेल्या व्यक्तींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

थोडे दुखले तर?

आरंभी किंचित दुखणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत ते ओसरल्यास व्यायाम चालू ठेवावा. न ओसरल्यास तो कमी करावा, पूर्ण बंद करू नये. लाभ दिसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून धीर सोडू नये.

तातडीने रुग्णालयात जावे, जर

• लघवी अडली किंवा लघवी-शौचावरील नियंत्रण सुटले;
• जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरता आली;
• पायातील शक्ती कमी होऊ लागली;
• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर तीव्र वेदना सुरू झाली.

ताप, रात्री वाढणारी वेदना, वजनातील घट, किंवा पूर्वी क्षयरोग अथवा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असल्यासही व्यायाम सुरू करण्यापूर्वी विनाविलंब तपासणी करून घ्यावी.

कुटुंबीयांना विनंती : रुग्णाच्या हातातून प्रत्येक काम काढून घेऊ नका. त्याच्यासोबत रोज दहा मिनिटे चाला.