गोवराची लस आणि पालकांची शंका

गोवर हा अत्यंत संसर्गजन्य रोग आहे. गावातील शंभरांपैकी सुमारे ९५ मुलांना लशीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या, तरच त्याचा फैलाव खुंटतो. नेहमीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तोवर तान्ह्या बालकाचे रक्षण बव्हंशी शेजारच्या मुलांवर अवलंबून असते. म्हणून लस घेणे ही केवळ खाजगी बाब नव्हे. तो शेजारधर्मही आहे.

परंतु धर्म पटवावयाचा असतो, लादावयाचा नसतो. देवीनिर्मूलनाच्या अखेरच्या काळात, १९७३ ते १९७५ मध्ये, देशात काही ठिकाणी बळजबरीने टोचण्यात आले. रोग गेला, पण बळजबरीने विश्वास निर्माण होत नाही.

यास्तव शिक्षकांनी कचरणाऱ्या पालकास अडाणी म्हणू नये, पटावरून नाव कमी करण्याचा धाक घालू नये. त्याची शंका पुरती ऐकावी. लशीनंतर काही मुलांस ताप येतो, तीव्र प्रतिक्रिया क्वचितच होते व त्यासाठीच अर्धा तास थांबवितात, हे आपणहून सांगावे. गोवराने फुप्फुसदाह, अंधत्व वा मृत्यूही ओढवतो, हेही सांगावे. उत्तर ठाऊक नसल्यास आरोग्यसेविकेस सोबत न्यावे. सत्य सांगून मिळविलेली संमतीच दुसऱ्या मात्रेपर्यंत टिकते.