२० वर्षांत प्रोसेसरचा स्पीड दुप्पटही का झाला नाही?

नवीन लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदार हमखास गिगाहर्ट्झचा आकडा सांगतो. १ गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला १०० कोटी ठोके. ठोके जास्त तितकं काम पटापट, असं साधं गणित.

आता गंमत बघा. १९७१ मध्ये इंटेलच्या ४००४ या चिपचा स्पीड होता फक्त ७४० किलोहर्ट्झ. २००० साली प्रोसेसरने १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. २००४ मध्ये पेंटियम ४ थेट ३.८ वर पोहोचला. आणि २०२४ मध्ये आलेला इंटेलचा कोअर आय९-१४९००केएस? जास्तीत जास्त ६.२ गिगाहर्ट्झ. म्हणजे २० वर्षांत दुप्पटही नाही.

मग घोडं अडलं कुठं?

तर उष्णतेपाशी. चिपमधले ट्रान्झिस्टर म्हणजे विजेची अतिसूक्ष्म बटणं. ती चालू-बंद होताना वीज खर्च होते आणि चिप तापते. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला व्होल्टेजही कमी पुरतं. त्यामुळे ठोके वाढवूनही चिप जास्त तापत नाही. याच जोरावर तीसेक वर्षं स्पीड वाढत गेला.

पण व्होल्टेज १ व्होल्टच्या आसपास आल्यावर बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळायला लागली. व्होल्टेज आणखी उतरवता येईना आणि ठोके वाढवले की चिप तापायची. शेवटी २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेतच रद्द केला.

उष्णतेवर उपाय सापडला, तरी पुढे प्रकाशाचा वेग आडवा येतो. ६ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ५ सेंटीमीटर जातो. चिपच्या तारांमधला सिग्नल तर त्याहून हळू. ठोके वाढवत गेलं, तर एका ठोक्यात सिग्नल चिपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचणारच नाही.

म्हणून कंपन्यांनी वाट बदलली. एकाच चिपवर दोन, चार, आठ कोअर आले. पण इथेही मेख आहे. पुरणपोळ्या लाटायला चार जणी बसल्या, तरी डाळ शिजायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं होतं. कामाचा १० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग १० पटींपुढे जात नाही.

त्यामुळे आता भर आहे तो ठराविक कामांसाठी वेगळे भाग बनवण्यावर. ग्राफिक्ससाठी जीपीयू, एआयसाठी एनपीयू, आणि प्रत्येक ठोक्यात जास्त काम उरकणारे कोअर.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात फक्त गिगाहर्ट्झवर भुलू नका. कोअर कोणत्या पिढीचे आहेत, रॅम किती आहे आणि तुमचं रोजचं काम काय आहे, हे आधी बघा.