निकेलचें यश आणि लोखंडाचा अंश

पाण्यांत दोन तारा सोडून विजेचा प्रवाह चालू केला म्हणजे दोन्ही तारांवर बुडबुडे उठूं लागतात, हा प्रयोग आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं शाळेंत पाहिला असेल. एका तारेवर हायड्रोजन, दुसरीवर प्राणवायु. १८०० सालीं लंडन येथें निकल्सन व कार्लाइल या द्वयानें व्होल्टाच्या घटमालेनें पाणी फोडलें तें याच रीतीनें. हायड्रोजन जाळला असतां पुन्हां पाणीच होतें, धूर नाहीं. म्हणून इंधन या नात्यानें त्याची आज एवढी चाहा आहे. मात्र जगांतील बहुतेक हायड्रोजन अद्याप नैसर्गिक वायु व कोळसा यांपासून काढतात, आणि नैसर्गिक वायूपासून एक किलो काढतांना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो.

मग पाणीच कां फोडूं नये? एका किलोस ९ लिटर पाणी पुरतें. पण वीज सुमारें ३९ युनिट हवीच, आणि प्रत्यक्षांत लागते पन्नासांवर. या नुकसानीचा मोठा वांटा प्राणवायूच्या तारेवरचा. तेथें पाण्याचे दोन रेणु मोडून चार इलेक्ट्रॉन काढावे, तेव्हां कोठें प्राणवायूचा एक रेणु सुटतो. हें काम सुलभ करणारा, परंतु स्वतः न खपणारा पदार्थ तो उत्प्रेरक. (‘ईर्’ म्हणजे गति देणें, नांव यथार्थ आहे.) आम्लधर्मी पडद्याच्या यंत्रांत हें काम इरिडियम करतें, पण तें साऱ्या जगांत वर्षाकांठीं अवघें सात-आठ टन निघतें, तेंहि बहुतांशीं दक्षिण आफ्रिकेंत.

क्षारयुक्त पाण्यांत स्वस्त निकेल चालतें, आणि त्याची कथा मोठी मौजेची आहे. निकेलचा पत्रा कांहीं दिवस वापरला कीं त्याचें काम सुधारे. श्रेय अर्थात् निकेलला. १९८७ सालीं कॉरिगन यांनीं दाखविलें कीं द्रावणांतील लोखंडाचा अत्यल्प अंशहि हें काम झपाट्यानें वाढवितो. पुढें २०१४ सालीं ओरेगॉन विद्यापीठांतील संशोधकांनीं द्रावणांतून लोखंड कसोशीनें काढून टाकलें, तों निकेलची कर्तबगारी मंदावली! शुद्ध म्हणून विकल्या जाणाऱ्या क्षारांतहि तो अंश होताच, आणि तोच निकेलच्या थरांत शिरून बसत होता. पुढल्या बाकावरील मुलाला शाबासकी मिळावी आणि उत्तर मागच्यानें कुजबुजलेलें असावें, हा प्रकार आम्हीं वर्गांत पुष्कळदां पाहिला आहे.

तथापि एकट्या लोखंडाचेंहि निभत नाहीं. त्याचा थर वीज नीट वाहूं देत नाहीं. म्हणून दोहोंचे मिश्र पातळ पदर करतात. त्यांतून लोखंड हळूहळू सुटून जातें व पदर दुबळा होतो. तें परत येऊन बसावें म्हणून द्रावणांतच थोडें लोखंड ठेवावें, असा एक उपाय आहे. आम्लांत मात्र हीं दोन्ही विरघळतात; तेथें इरिडियमचें आसन अद्याप ढळलेलें नाहीं.