गिरडच्या टेकड्यांवरचा उन्हाळा

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, उमरेडच्या बाजूने येणाऱ्या रस्त्यावर, गिरडच्या टेकड्या आहेत. शेख फरीद बाबांच्या दर्ग्यामुळे इथे बारमाही वर्दळ असते, भर उन्हाळ्यातही. डोंगर म्हटला की गार वारा, हा घाटमाथ्यावरचा अनुभव मात्र इथे उपयोगाचा नाही. कोरड्या हवेत शंभर मीटर चढले की तापमान जेमतेम एका अंशाने उतरते. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे म्हणून तिथे मे महिना सुसह्य होतो. गिरडची टेकडी चढून गेलेल्या माणसाला पायथ्याचे ४४ अंश माथ्यावर फार तर ४३ होऊन भेटतात.

उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येतही हा भेद आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार डोंगराळ भागात कमाल तापमान ३० अंशांवर गेले की लाटेचा विचार सुरू होतो, सपाट प्रदेशात ४० अंशांवर. त्याच्या जोडीला ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावे लागते. ४५ अंश गाठल्यावर मात्र सरासरी पाहिली जात नाही, ती लाटच. डोंगराळ भागाचा निकष हिमालयासारख्या खऱ्या उंचीसाठी आहे. गिरड टेकडीवर असले तरी हिशेबाला सपाटीचे गाव.

इथली उष्णता येते ती भूगोलातून. दोन्ही समुद्र लांब. मार्चपासून वायव्येकडून कोरडा वारा वाहतो, आकाश निरभ्र असते आणि दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. जमीन बेसाल्टची. याच खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे गोल खडे टेकडीभर विखुरलेले आहेत. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नारळ त्यांनी दगड करून टाकले, अशी या खड्यांची आख्यायिका सांगतात. काळा कातळ आणि काळी माती ऊन शोषून घेतात, सागाने तोवर पाने टाकलेली असतात आणि सावली उरत नाही. गिरडच्या अक्षांशावर सूर्य २४ मेच्या आसपास बरोबर डोक्यावर येतो. त्याला लागूनच रोहिणी नक्षत्र आणि लोकांचा नवतपा सुरू होतो. पंचांगातले हे नऊ दिवस खगोलाशी इतके जुळावेत, यात नवल नाही. मात्र आधीच ढग आले तर नवतपाही थंड जातो.

हंगामाचा अंदाज हवामान विभाग २०१६ पासून देतो. फेब्रुवारीअखेर मार्च ते मे आणि मार्चअखेर एप्रिल ते जून या महिन्यांचा. त्यात अमुक दिवशी अमुक तापमान असे नसते. तापमान सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतके किंवा कमी राहण्याची शक्यता टक्क्यांत असते. सरासरी म्हणजे तीस वर्षांची नोंद. प्रशांत महासागरातला एल निनो हा या अंदाजाचा एक मोठा आधार. हंगामी अंदाजाच्या संगणकी प्रतिमानात भारत सुमारे ३८ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेला असतो. गिरडची टेकडी, दर्गा, पायथ्याची शेते आणि शेजारचे जंगल सगळे एकाच चौकोनात मावते. म्हणून ‘विदर्भात उन्हाळा कडक’ हे वाक्य गिरडला लागू असते, पण गिरडबद्दल फारसे काही सांगत नाही. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरपर्यंत बारकाईने पाहते. ती मात्र येत्या काही दिवसांच्या अंदाजासाठी.

त्या दिवसांसाठी उपयोगी पडतात त्या नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या जिल्हावार सूचना: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. मोबाइलवर फिरणाऱ्या आकड्यांपेक्षा त्या बऱ्या. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि ते देशभर पसरले. पुढे संवेदक बिघडल्याचा खुलासा विभागाने केला. खरे मोजमाप झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर होते. दर्ग्याच्या उघड्या पायऱ्यांचा दगड दुपारी त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो, आणि अनवाणी भाविकाचा संबंध त्या दगडाशी येतो.

उन्हाळ्यातला दुसरा धोका पावसाचा. बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा विदर्भावरच्या कमी दाबाच्या पट्ट्यात कोरड्या वाऱ्याला भेटली की दुपारनंतर ढग उभे राहतात, वीज कडाडते, गारा पडतात. मार्चमध्ये गारपीट काढणीच्या गहू-हरभऱ्यावर येते. मे महिन्यात या बाजूच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो: पहाटे तोडलेली पाने सत्तर-सत्तरच्या पुड्यांत बांधून फडावर वाळत घातलेली असतात, आणि एक सरही त्यांना काळे डाग पाडायला पुरते. मोकळ्या माथ्यावर विजेचा धोका पायथ्यापेक्षा जास्त. ‘दामिनी’ ॲप त्याची आगाऊ सूचना देते. गडगडाट ऐकू आला की उतरायला लागावे, ॲपची वाट पाहू नये.

मेअखेरीस हवा दमट होऊ लागते. एप्रिलमध्ये वाळ्याच्या किंवा लाकडी किसाच्या ताट्यांचा कूलर खोली झकास गार करतो, कारण कोरडी हवा ताटीतले पाणी भराभर शोषते; जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तोच कूलर नुसता ओला वारा फेकतो. तापमान ४२ वर उतरलेले असते, पण घाम वाळत नाही आणि रात्रीही घर तापलेलेच राहते. उष्माघाताच्या दृष्टीने हे दिवस कोरड्या ४५ अंशांइतकेच वाईट. विदर्भात मोसमी पाऊस साधारण १५ जूनच्या सुमारास पोचतो. त्यानंतरच कमाल तापमान पस्तिशीखाली येऊ लागते.