रानभाज्या साठवताना

मृगाचा पाऊस पडला की वाडा, शहापूरकडच्या आदिवासी बाया भिवंडीच्या बाजारात शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. मागोमाग टाकळा, फोडशी, कुर्डू येतात आणि जरा उशिराने कंटोळी. हा मेवा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा, त्यामुळे तो साठवण्याची हौस घरोघरी असते. या दिवसांत माझ्या दवाखान्यात हमखास विचारतात, "डॉक्टर, शेवळं परतून तेलात बुडवून बरणीत भरली तर वर्षभर राहतील ना?"

दिसायला राहतीलही, पण असे करू नये. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजे असतात. ती साध्या उकळीने मरत नाहीत. ओलावा आहे, आंबटपणा नाही आणि वर तेलाचा थर बसून हवा बंद झाली, की ती बाहेरच्या उष्णतेत वाढून विष तयार करतात. भाजीला वास येईलच असे नाही. कैरीच्या लोणच्याचे गणित इथे लावू नका. तिथे आंबटपणा आणि मीठ राखण करतात. हा आजार विरळा आहे, पण साठवलेले खाल्ल्यावर एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, घास गिळेना, तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे. बरणीही सोबत न्यावी.

मग शेवळे ठेवायची कशी? सुकवून. ती मोसमाच्या तोंडावर येतात, तेव्हा दोन सरींमध्ये ऊन मिळते. नेहमीसारखी साफ करून, बारीक चिरून, मोडताना कट्कन आवाज येईपर्यंत वाळवावीत. आपल्या गावात यंत्रमागाचे तंतू आणि धूळ गच्चीवर उडत असते, म्हणून वर मलमल पसरावी. मात्र सुकवल्याने शेवळांची खाज जात नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तसेच राहतात. रांधताना काकडे, चिंच किंवा आमसूल हवेच.

टाकळा, फोडशी आषाढात येतात. तेव्हा ऊन कुठले? दमट हवेत पाला अर्धवट वाळतो आणि त्यावर बुरशी धरते. काही बुरशींचे विष धुऊन किंवा शिजवूनही जात नाही. तेव्हा अशी सुकवण सरळ फेकावी, चाळून वापरू नये. या पालेभाज्या ताज्याच खाव्यात, हे माझे स्पष्ट मत. फ्रीजर असेल तर पाने उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून लगेच गार पाण्यात घालावीत आणि निथळून, एका वेळेपुरते पुडे करून गोठवावीत. क जीवनसत्त्व थोडे जाते, लोह बरेचसे टिकते. अनोळखी पान मिसळलेली जुडी मात्र साठवू नका. गोठल्यावर काय कुठले ते कळत नाही.

कंटोळ्यांच्या चकत्या भाद्रपदातले कडक ऊन पाहून घालाव्यात. सुकवण कोरड्या डब्यात भरून वर तारीख लिहावी.