विश्लेषण : आमदारांचे पत्र खरेच कुठे लागते आणि कुठे नाही?

सकाळी चहाच्या वेळेला मतदारसंघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमदारांच्या छायाचित्रासह संदेश येऊन पडतो. अमुक भागात उद्या पाणी नाही. रविवारी मोफत नेत्रतपासणी शिबिर. ‘आरटीई’चे अर्ज सुरू. ‘लाडक्या बहिणीं’नी ई-केवायसी करून घ्यावी. दाखल्यांसाठी जनसंपर्क कार्यालयात भेटावे. खाली दोन कार्यकर्त्यांचे मोबाइल क्रमांक. अनेक कुटुंबांना सरकारी योजना कळण्याचा हाच आता सर्वात जवळचा मार्ग आहे आणि तो उपयोगीही आहे. पण त्यातून एक समज घट्ट होत जातो की, हे सारे आमदारांकडून मिळते आणि पत्राशिवाय मिळत नाही. प्रत्यक्षात या यादीतल्या बहुतेक गोष्टी कायद्याने किंवा शासन निर्णयाने आधीच ठरलेल्या असतात. आमदार मुंबईला अधिवेशनात आहेत, सोमवारी पत्र देतो म्हणाले, असे म्हणत थांबलेल्या घराची कधी अर्जाची मुदत टळते, तर कधी रुग्णालयाचे बिल वाढते.

दाखला अडला तर काय करायचे?

दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्न, जात, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर या दाखल्यांसाठी झुंबड उडते. त्या काळात आमदारांच्या कार्यालयात भरणारी शिबिरे सोयीची असतात, यात शंका नाही. मात्र महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरून करता येतो किंवा सेतू केंद्रातून. या अर्जांना जोडायच्या प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही स्टॅम्प पेपर आणायला सांगणारे भेटतातच.

यात सर्वात मोलाचा कागद म्हणजे अर्जाची पोचपावती. तिच्यावर अर्ज क्रमांक असतो आणि मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत त्याच विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते, त्यानंतर दुसरे. तिसरे अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाते. पुरेशा कारणाशिवाय सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. रक्कम मोठी नाही. पण लेखी अपील आले की अधिकाऱ्याला विलंबाचे कारण लेखी द्यावे लागते. कार्यकर्त्याच्या फोनने एक दाखला लवकर निघेलही, पण त्या फोनची नोंद कुठे राहत नाही.

‘आरटीई’ प्रवेशात शिफारस चालते का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी असतात. त्यांची निवड राज्यस्तरीय ऑनलाइन सोडतीने होते आणि नंतर प्रतीक्षा यादी लागते. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग तसेच दिव्यांग मुलांना ही मर्यादा लागू नाही, हे मात्र अनेक पालकांना ठाऊक नसते. एक लाखाच्या आतला दाखला मिळत नाही म्हणून काही जण अर्जच भरत नाहीत.

अर्ज बहुतेक वेळा बाद होतो तो कागदांवरून. भाडेकरार नोंदणीकृत नसतो किंवा नकाशावर घराचे ठिकाण चुकीचे दाखवलेले असते. त्यामुळे कार्यालयातल्या मुलाकडून अर्ज भरून घेतला तरी पत्ता आणि अंतर पालकांनी स्वतः तपासावे. चुकीच्या माहितीमुळे प्रवेश रद्द झाला, तर भुर्दंड मुलालाच बसतो.

लोकप्रतिनिधींचा उपयोग इथे वेगळा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने आधी या बदलाला स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. हजारो घरांवर परिणाम करणाऱ्या अशा नियमाबद्दल आपल्या आमदारांनी सभागृहात काय विचारले, हा प्रश्न ग्रुपवर क्वचितच कोणी टाकतो.

रुग्णालयात पत्राशिवाय काय मिळते?

सर्वाधिक पत्रे लिहिली जातात ती इथे. ‘सदर रुग्णाची परिस्थिती हलाखीची असून बिलात सवलत द्यावी’ या मजकुराचे छापील नमुनेच अनेक कार्यालयांत तयार असतात. रुग्ण आत असतो आणि नातेवाईक पत्रासाठी बाहेर धावत असतो.

राज्यात चारशेहून अधिक धर्मादाय रुग्णालये आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत, तर दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. या खर्चासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची असते. पुराव्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका पाहिली जाते. आमदारांचे पत्र ही योजनेची अट नाही. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला आधी दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर करायची आहे, अनामत रकमेचा हट्ट धरता येत नाही.

कागदावरचे हे चित्र काउंटरवर दिसतेच असे नाही. ‘खाटा भरल्या आहेत’, ‘निधी संपला’ ही उत्तरे नेहमीची. अशा वेळी दाखल होतानाच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात लेखी अर्ज द्यावा. नकार मिळाला तर तोही लेखी मागावा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करावी. डिस्चार्जच्या दिवशी, बिल हातात पडल्यावर पत्र घेऊन गेलेल्यांची अडचण होते ती उशिरामुळे, कारण तोवर रुग्णाची नोंद सर्वसाधारण खाटेवर झालेली असते.

दुसरी योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. १ जुलै २०२४ पासून पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेबरोबर पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही तिच्यात आली असून प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. अट अशी की रुग्णालय योजनेशी जोडलेले हवे आणि उपचार यादीतला हवा. साध्या तापासाठी, बाह्यरुग्ण तपासणीसाठी ती नाही. अशा रुग्णालयात बसणाऱ्या ‘आरोग्यमित्रा’ला आधी भेटायचे. हेल्पलाइन क्रमांक १५५३८८. या योजनांत न बसणाऱ्या आजारांसाठी मुख्यमंत्री सहायता निधी आहे. तिथे उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार रुपये असून मंजूर रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते. रक्कम रोख आणून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

मग पत्राला वजन कुठे?

काही ठिकाणी निश्चित आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, नावावर वीजबिल नसलेल्या कुटुंबाला आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा असेल, तर आमदारांचे प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. ते लेटरहेडवर नव्हे, तर आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यात, छायाचित्रासह लागते आणि तीन महिनेच वैध असते. तहसीलदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांकडूनही ते घेता येते.

दुसरे ठिकाण अधिक नाजूक आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, निराधार, गंभीर आजारी अशांना दरमहा १,५०० रुपये मिळतात, दिव्यांगांना त्याहून जास्त. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीवर अशासकीय सदस्य असतात, म्हणजे राजकीय नेमणूक आलीच. इथे आमदारांच्या शब्दाला किंमत असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण समितीलाही निकषांबाहेर जाता येत नाही. खरी अडचण त्या निकषांतच आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंत हवे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. चार घरी धुणीभांडी करणारी विधवाही त्याहून अधिक कमावते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे. ती वाढवणे पत्राने होणार नाही, ते विधानभवनातच होऊ शकते.

आमदारांकडे हक्काने काय मागावे?

महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. २०२२ मध्ये ही रक्कम चार कोटींवरून वाढवण्यात आली. पैसे आमदारांच्या हातात येत नाहीत. ते कामाची शिफारस करतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. या निधीतून वैयक्तिक मदत देता येत नाही, त्यामुळे ‘आमदार निधीतून मुलीच्या फीचे बघा’ या विनंतीला उत्तर नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. २८८ मतदारसंघांत वाटले तर मतदारामागे हा निधी वर्षाला जेमतेम दीडशे रुपये पडतो. तो कोणत्या गल्लीत, कोणत्या सभामंडपावर गेला, याची यादी जिल्हा नियोजन कार्यालयातून माहिती अधिकारात मिळते.

निधीपेक्षा मोठे साधन म्हणजे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, शाळेत शिक्षकाची जागा रिकामी आहे, अशा तक्रारीवर मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. त्यासाठी ‘साहेब, लक्ष द्या’ एवढे पुरत नाही. केंद्राचे नाव, पद किती दिवस रिक्त आहे आणि आधी केलेल्या अर्जाची तारीख दिली तर प्रश्न तयार होतो. तक्रार अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी, कारण प्रश्नांच्या सूचना आगाऊ द्याव्या लागतात.

ग्रुपवर कागदपत्रे पाठवावीत का?

‘आधार, बँक पासबुक आणि शिधापत्रिकेचा फोटो या नंबरवर पाठवा’ असा निरोप आला की लोक लगेच पाठवतात, कधी थेट ग्रुपवरच. तिथे शेकडो अनोळखी सदस्य असतात. पाठवायचेच असेल तर कार्यालयातल्या ओळखीच्या व्यक्तीला स्वतंत्रपणे आणि ‘मास्क्ड आधार’ पाठवावे. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात आणि ते आधारच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते. ओटीपी कोणालाही सांगू नये, शिबिरातल्या कार्यकर्त्यालाही नाही. ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीच्या काळात बनावट संकेतस्थळे फिरली होती. शासकीय संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते. योजनेच्या नावाखाली एपीके फाइल आली, तर पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे असले तरी ती उघडू नये. त्याचाही फोन आधीच हॅक झालेला असू शकतो. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.